चढाच्या वाटेची सायकल

दिवसभर रुग्णतपासणीच्या खुर्चीवर किंवा औषधी दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या वर्गास सायकल हा सुलभ व्यायाम होय. नाशिकमध्ये या छंदाने चांगले मूळ धरले आहे. येथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. तथापि असा पराक्रम आणि रविवारची सहल यांचे साधन एकच असावे असे नाही. दुकानात हलकी, वाकून चालविण्याची शर्यतीची सायकल डोळ्यांत भरते. परंतु त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर सुखाने चाललेली तीच सायकल नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट लागताच स्वाराची परीक्षा पाहते.

निवडीची कसोटी आमच्या मते आपल्याच शास्त्रात आहे. वाग्भटाचार्यांनी बलवानासही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. अन्य ऋतूंत तो त्याहूनही मंद असावा. सुश्रुताचार्यांनी अर्धशक्तीची खूणही दिली आहे : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे, अर्थात तोंडाने श्वास घ्यावा लागणे. चढावर ही मर्यादा पाळणे स्वाराच्या निश्चयापेक्षा सायकलच्या गिअरवर अधिक अवलंबून असते.

शर्यतीच्या जुन्या धाटणीच्या सायकलीत पुढील लहान चकतीस ३९ व मागील सर्वांत मोठ्या चकतीस २५ दाते असत. अशा वेळी पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.३ मीटर पुढे जाते. मिनिटास ७० फेरे धरले, तर चढावरही ताशी १४ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. तो न राखता आल्यास फेरे मंदावतात आणि गुडघ्यांवर ताण येतो. पुढे ३४ व मागेही ३४ दाते असतील, तर एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर अंतर कापले जाते व तितक्याच फेऱ्यांत ताशी ९ किलोमीटरने घाट चढता येतो. म्हणून विक्रेत्यास किंमत विचारण्यापूर्वी दात्यांची संख्या विचारावी.

त्यानंतर बैठकीकडे पाहावे. हँडल किंचित उंच व जवळ असल्यास मान, कंबर व तळहात यांवरील भार घटतो. पायडल सर्वांत खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट फार खाली ठेवल्यास गुडघ्याच्या पुढील भागी वेदना उद्भवतात. सीट केवळ मऊ असून भागत नाही; बैठकीच्या हाडांना तिचा आधार मिळाला पाहिजे. टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे असावेत व सायकलच्या सांगाड्यात त्यांस पुरेशी जागा असावी. त्यांत हवा थोडी कमी ठेवता येते आणि खडबडीत रस्त्याचे हादरे शोषले जातात. उतारावर, विशेषतः पावसाळ्यात, डिस्क ब्रेक अधिक भरवशाचे ठरतात.

दुकानासमोरील सपाट रस्त्यावर फेरी मारून यांतील फारसे काही कळत नाही. शक्य असेल तेथे एखाद्या चढावर अर्धा तास सायकल चालवून मगच व्यवहार करावा.

‘कोणती सायकल घेऊ?’ असा प्रश्न रुग्णही आपणांस विचारतात. त्यांचे वय, हृदयाची स्थिती व रक्तदाब पाहून प्रथम व्यायामाची मात्रा ठरवावी आणि त्या मात्रेत राहून घाट चढविणारी सायकल सुचवावी. औषधाची मात्रा रुग्णाच्या बलानुसार ठरविणाऱ्या वैद्यास हा विचार नवा नाही.