फसव्या खाडीवरचं खरं बेट

व्हँकूव्हरला पोचल्यावर आम्ही सगळ्यात आधी पाणसळ काढली. चहाचं आधणही त्यानंतर. लायन्स गेट पुलाच्या उत्तर टोकाशी, कॅपिलानो नदीच्या काठी मोटरहोमसाठी तळ आहे. तिथे नेमून दिलेल्या जागेत गाडी उभी केली आणि आतल्या ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे सरकला, म्हणजे गाडीची डावी बाजू उंच. मग उजव्या चाकांखाली ठोकळे सरकवले आणि बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये येईपर्यंत गाडी इंच-इंच पुढे-मागे केली.

एवढा खटाटोप फ्रिजसाठी. मोटरहोममधल्या अनेक फ्रिजना कॉम्प्रेसर नसतो. तिथे प्रोपेन गॅसची अंगठ्याएवढी निळी ज्योत जळत असते आणि ती ज्योतच बर्फ बनवते! ती अमोनिया मिसळलेलं पाणी तापवते. अमोनियाची वाफ पाण्यातून सुटून वर जाते आणि मागच्या नळ्यांत निवून द्रवरूप होते. तो द्रव हायड्रोजन भरलेल्या भागात शिरला की पुन्हा वाफ होऊ लागतो आणि वाफ होताना फ्रिजमधली उष्णता शोषून घेतो. पुढे ही वाफ पाण्यात विरघळते आणि परत ज्योतीकडे येते. आपल्या माठातलं पाणीही बाष्पीभवनानेच गार होतं. फरक इतकाच, की माठाची वाफ हवेत जाते आणि इथे तीच वाफ अडवून पुन्हापुन्हा कामाला लावलेली असते. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली स्टॉकहोममध्ये ही युक्ती शोधली. यात हलणारा एकही भाग नाही. द्रव वाहतो तो नळ्यांच्या उतारावरून, आपल्याच वजनाने. गाडी कलली तर तो वाटेत अडून राहतो आणि गारवा थांबतो. म्हणून पाणसळ.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक पिण्या-वापरण्याच्या पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, एक मैल्याची. शेवटच्या दोन रिकाम्या करायचा क्रम ठरलेला आहे. आधी मैला सोडायचा आणि मग सांडपाणी, म्हणजे भांडी घासलेल्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. चार दिवस अशा घरात राहिलं की अंघोळीचा प्रत्येक तांब्या मोजला जातो. घर म्हणजे काय, तर आत येणारं पाणी, बाहेर जाणारं पाणी आणि मध्ये एक विस्तव, हे इतक्या स्पष्टपणे मला पक्क्या भिंतींच्या घरात कधी कळलं नव्हतं.

शहरही खरं तर असंच चालतं, पण ते आपलं पोट झाकून ठेवतं. सिमेंट कुठे कालवलं जातं, मासा कुठे उतरतो, मैला कुठे जातो, हे नागरिकाला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या जागी गेलो ती याला अपवाद होती. तिचं नाव ग्रॅनव्हिल आयलंड.

तिथल्या अरुंद गल्ल्यांत मोटरहोम नेण्यात अर्थ नव्हता. तळावरून बसने ‘लॉन्सडेल की’ हा धक्का गाठला आणि सीबसमध्ये बसलो. १९७७ पासून चालू असलेली ही फेरीबोट सुमारे १२ मिनिटांत बंदर ओलांडून शहराच्या मध्यभागी सोडते. पुढे पायी हॉर्नबी रस्त्याच्या टोकाला गेलं की ॲक्वाबसचा छोटा धक्का लागतो. इंद्रधनुषी रंगांची ही बोट एवढीशी, की बाकावर बसून हात लांबवला तर पाण्याला लागेल असं वाटतं. काही मिनिटांत ती पलीकडे टेकते. त्या दिवशी ओहोटी होती आणि तरंगत्या धक्क्यावरून वर जाणारी फळी चांगलीच चढाची झाली होती. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक कधीकधी ५ मीटरच्या जवळ जातो. हीच फळी भरतीला जवळजवळ सपाट होते.

या पाण्याचं नाव फॉल्स क्रीक, म्हणजे फसवी खाडी. आत कुठेतरी जाईल अशी आशा दाखवणारा समुद्राचा हा फाटा पुढे चिखलात संपायचा. या चिखलात वाळूचे दोन बांध होते. ओहोटीला उघडे पडायचे, भरतीला बुडायचे. इथले मूळ रहिवासी असलेले स्क्वामिश लोक तिथे कुंपणासारखे सापळे रोवून मासे धरत. जवळच त्यांचं सेनाक्व नावाचं गाव होतं. १९१३ साली तिथल्या कुटुंबांना बार्जवर बसवून गावातून हलवण्यात आलं आणि घरं जाळून टाकण्यात आली. बेटाची गोष्ट सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही, कारण पुढचं सगळं त्या गावाच्या उंबऱ्याशी घडलं. त्या जमिनीचा एक तुकडा न्यायालयीन लढ्यानंतर २००० च्या दशकात स्क्वामिश राष्ट्राला परत मिळाला. आज तिथे त्यांच्या प्रकल्पाचे उंच मनोरे उभे राहत आहेत आणि ते बेटावरून दिसतात. आमचा तळही त्यांच्याच जमिनीवर होता.

१९१५ साली खाडीचा तळ उपसायला सुरुवात झाली. शोषक पंपांनी ओढलेला गाळ लाकडी खांबांच्या भिंतीआड टाकत गेले. सुमारे ७ लाख ६० हजार घनमीटर गाळ! त्यातून सुमारे १५ हेक्टरचं बेट वर आलं. शिवाजी पार्कच्या मैदानाहून थोडं मोठं म्हणा. पाण्याखालचा गाळ एका बाजूने काढून जहाजांना खोली दिली आणि तोच गाळ दुसऱ्या बाजूला टाकून कारखान्यांना जमीन दिली. एकाच फावड्याने दोन कामं. पहिलं नाव सरळच होतं, इंडस्ट्रियल आयलंड. जंगलतोडीला आणि खाणींना जे जे लागायचं ते इथे पत्र्याच्या शेडमध्ये बनायचं: तारेचे दोर, साखळ्या, करवती, पिंपं, बॉयलर. पुढे मागच्या बाजूला भराव पडून बेट जमिनीला जोडलं गेलं. नाव बेट, पण आज ते द्वीपकल्प आहे. १९५४ साली वरून आठ पदरी ग्रॅनव्हिल पूल गेला. आजही बेटावर कुठेही उभं राहिलं तरी डोक्यावर त्या पुलाची अखंड घरघर असते.

लाकडाचा धंदा सरकला तसे कारखाने ओस पडू लागले. अशा जागेचं काय होतं ते आपल्याला गिरणगावाने दाखवलं आहे. मुंबईही सात बेटांमध्ये भर घालूनच उभी राहिली. तिथल्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेचे मॉल आणि मनोरे आले आणि काही ठिकाणी चिमणी तेवढी खूण म्हणून उरली. भोंगा गेला आणि त्याबरोबर काम करणारा माणूसही गेला.

व्हँकूव्हरमध्ये १९७० च्या दशकात केंद्र सरकारने हे बेट आपल्या गृहनिर्माण महामंडळाकडे सोपवलं. रॉन बॅसफर्ड या मंत्र्यांनी या कामाचा पाठपुरावा केला. बेटावरचं एक उद्यान आज त्यांच्या नावाने आहे. नॉर्म हॉटसन आणि योस्ट बॅकर या वास्तुरचनाकारांनी जो आराखडा केला, त्यात मला सगळ्यात जास्त आवडलं ते त्यांनी जे केलं नाही ते. त्यांनी शेड पाडल्या नाहीत. पत्रे, क्रेन, रस्त्यात रुतलेले मालगाडीचे रूळ, सगळं राहू दिलं. आणि पदपथ बांधले नाहीत. ट्रक, गाड्या, सायकली, बाबागाड्या, सगळे एकाच सपाट फरसबंदीवरून चालतात. कडेची पायरी नसली की आपला हक्काचा पट्टा कोणता हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोळ्यांकडे बघून वाट काढतो. गाड्या आपोआप पायी चालणाऱ्याच्या वेगाने जातात. आपल्या मंडईच्या गल्लीत हातगाडीवाला आणि स्कूटरवाला जसे एकमेकांना ओळखून वळतात, तसं काहीसं. इथे ते विचारपूर्वक आखलेलं आहे.

आणि या गर्दीतून चक्क काँक्रीटचा ट्रक येतो, आपलं गरगरणारं पोट घेऊन. १९१७ पासून या बेटावर असलेला काँक्रीटचा कारखाना आजही चालू आहे. वाळू आणि खडी बार्जमधून पाण्यावाटे येते, इथे सिमेंटमध्ये कालवली जाते आणि ट्रक ती शहरात नेतात. ओलं काँक्रीट घट्ट होण्याआधी जागेवर पोचायला हवं. म्हणून असा कारखाना शहराच्या पोटात असणं ही नुसती जुन्याची आठवण नाही, सोय आहे. मोठाली बांधकामं चालू असलेल्या शहराला तो जवळच हवा. त्याच्या सहा उंच सायलोंवर २०१४ साली साओ पाउलोच्या गुस्ताव्हो आणि ओताव्हियो पांडोल्फो या जुळ्या भावांनी सहा महाकाय माणसं रंगवली. सुमारे २१ मीटर उंच, पिवळ्या चेहऱ्यांची, पोट पुढे काढून उभी. सायलोचा गोल आकार त्यांच्या देहाचाच झाला आहे, त्यामुळे चित्र रंगवलंय की माणूस भिंतीतून बाहेर आलाय, हे चटकन कळत नाही. खाली खडीचा ढीग, वर राक्षस, समोर आइस्क्रीम खाणारी मुलं. आपल्याकडे १८७५ च्या ससून डॉकवर २०१७ साली चित्रकारांनी भिंती रंगवल्या तेव्हाही शेजारी कोळणींच्या माशांचा लिलाव चालूच होता. रंग चढला आणि कामही राहिलं, असं क्वचितच जुळून येतं.

मुख्य बाजार १९७९ साली जुन्या शेडमध्ये सुरू झाला. आत शिरल्यावर वास आधी भेटतात. तळल्या जाणाऱ्या डोनटचा, बर्फावरच्या माशांचा, भाजलेल्या बेगलचा. माशांच्या फळीवर सॉकआय सामन पडलेला असतो आणि त्याचा लाल रंग इतका गडद, की रंगवलाय असं वाटावं. हा रंग त्याने खाल्लेल्या सूक्ष्म कवचधारी जिवांचा. त्यांच्यातलं लालसर द्रव्य वर्षानुवर्षं त्याच्या मांसात साठत जातं. म्हणजे तुमच्या ताटात येतो तो त्या माशाचा सगळा आहार, रंग होऊन. शेजारी फ्रेझर खोऱ्यातल्या ब्लूबेरीचे ढीग. तिथल्या कित्येक बागा पंजाबी कुटुंबांच्या आहेत. पुढच्या गल्ल्यांत काच फुंकणारे, लाकूड कोरणारे, हाताने झाडू बांधणारे कारागीर. बहुतेकांच्या कार्यशाळेला दुकानाएवढीच मोठी खिडकी. वस्तू घ्या किंवा नका घेऊ, ती बनताना बघा.

बेटाच्या पूर्वेला तरंगत्या घरांची एक ओळ आहे. भरतीला ती वर चढतात, ओहोटीला खाली येतात. मी तिथे बराच वेळ थांबले, कारण मनात आमच्या टाक्या होत्या. खाडीत नांगरलेल्या बोटींनाही मैल्याची टाकी असते. ती पाण्यात रिकामी केली जाऊ नये म्हणून शहराने एक फिरती बोट ठेवली आहे, ती येऊन टाकी फुकट उपसून नेते. तरीही जोराच्या पावसात शहराच्या जुन्या एकत्रित गटारांचं पाणी खाडीत येतं. पावसाचं आणि मैल्याचं पाणी वेगळं करण्याचं काम शहर अनेक वर्षं करत आहे.

आणि या पाण्यात हेरिंग परतले आहेत. हा चंदेरी मासा किनाऱ्यालगत जे सापडेल त्यावर अंडी चिकटवतो. धक्क्यांच्या जुन्या लाकडी खांबांना सडू नये म्हणून क्रिओसोट चोपडलेलं असतं आणि त्याने अंडी मरतात. हे लक्षात आल्यावर स्वयंसेवकांनी बेटाजवळच्या मच्छीमार धक्क्याखाली जाळ्या टांगल्या. हेरिंगनी त्या स्वीकारल्या. ज्या चिखलात माणसांनी कधीकाळी मासे धरायला कुंपणं रोवली, तिथेच आता मासे जगवायला जाळ्या सोडतात.

संध्याकाळी सामनचा तुकडा आणि ब्लूबेरीची डबी घेऊन आम्ही तळावर आलो. फ्रिजचा दरवाजा उघडला आणि थंड हवा अंगावर आली. बाहेरच्या जाळीतून ती निळी ज्योत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी टाक्या रिकाम्या केल्या. आधी मैला, मग साबणाचं पाणी. नळीतला खळखळाट थांबेपर्यंत मी उभी होते. उत्तरेला डोंगर होते. आम्ही भरलेलं पाणी त्यांच्यातल्याच धरणांचं, आणि या कॅपिलानो नदीवरचं १९५४ सालचं धरण व्हँकूव्हर परिसराला लागणाऱ्या पाण्याचा सुमारे एक तृतीयांश वाटा साठवतं. दक्षिणेला, पुलाच्या पायथ्याशी, याच तळापासून थोड्या अंतरावर १९६१ सालचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. ते जुनं झालं, प्राथमिक प्रक्रियेपुरतंच, म्हणून त्याच्याऐवजी नवं बांधलं जात आहे. धरण वर, केंद्र खाली, आणि मध्ये आमची गाडी.

मी नळी गुंडाळली, झाकण घट्ट बसवलं आणि नळाखाली पहिली टाकी पुन्हा भरायला लावली.