सभागृहाचा विजय एका दिवसाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ या वर्षाचे मर्म जानेवारीतील लागोपाठच्या दोन दिवसांत सामावले होते. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या आरोपावरून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली. त्यांत जळगाव व एरंडोलचे प्रतिनिधीही होते. लोकसभाध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी न्यायालयाची नोटीस स्वीकारण्यास नकार दिला होता. तरीही १० जानेवारीला घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने हकालपट्टी वैध ठरविली. मात्र घोर बेकायदेशीरपणा वा घटनाभंग घडल्यास सभागृहाचा निर्णय तपासण्याचा अधिकार त्याच निकालात स्वतःकडे राखला. हा विजय मानणाऱ्यांनी तो भाग पुन्हा वाचावयास हवा होता.

दुसऱ्याच दिवशी, निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या सरन्यायाधीश सभरवाल यांच्या नऊसदस्यीय पीठाने एकमताने सांगितले, की २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदेही मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. जमीन सुधारणांसाठी १९५१ मध्ये उभारलेल्या या आडोशाला पुढे वाटेल ते कायदे विसावले. १९९४ मध्ये तमिळनाडूचे ६९ टक्के आरक्षणही.

मार्चअखेर केंद्रीय शिक्षणसंस्थांतील ओबीसींच्या २७ टक्के जागांना स्थगिती मिळाली, तेव्हा तो आडोसा पूर्वीसारखा अभेद्य उरला नव्हता. स्थगिती उठण्यास १० एप्रिल २००८ उजाडले. तोवर एक प्रवेशवर्ष निघून गेले होते.