एकाच पोराचे दोन रिपोर्ट

सामना सहाचा आहे, पण पावणेपाचपासूनच होम प्लेटच्या मागच्या जाळीशी घडीच्या खुर्च्या लागायला लागल्यात. गवती टोप्या, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर रडार गन. अ‍ॅरिझोनात फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरमधलं हे हायस्कूलचं मैदान. एप्रिल आहे, पार्किंगच्या कडेची पालो व्हर्डेची झाडं पिवळीधमक फुललीत आणि अ‍ॅल्युमिनियमची बाकडी अजून बसवत नाहीत इतकी तापलेली. पालक मंडळी घरून उशा घेऊनच येतायत. खुर्चीवाले मात्र मेजर लीगच्या क्लबांचे स्काउट. ते एकमेकांशी रस्त्यांबद्दल, मोटेलांबद्दल, गुडघेदुखीबद्दल बोलतात. ज्याच्यासाठी आले त्याचं नाव कुणी काढत नाही.

तो तिकडे उजव्या कुंपणाशी बुलपेनमध्ये आहे. अकरा नंबर. वय सतरा, सहा फूट तीन इंच, मनगटं रुंद, दाढी अजून नीट आलेली नाही. उजव्या हाताने पिच करतो, डावखुरी बॅटिंग करतो आणि दोन्हींत इतका चांगला आहे की जुलैच्या ड्राफ्टमध्ये त्याला कशासाठी घ्यायचं यावर या खुर्च्यांमध्येच दोन तट आहेत.

माझ्या शेजारी कोच बसलेत. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि नेवाडाचे हायवे तुडवून निवृत्त झालेले स्काउट. त्यांनी कुठल्याच टीमला कोचिंग केलेलं नाही, पण मैदानावरच्या वयस्कर माणसाला इथे कोचच म्हणतात.

"नुकसान सुरू झालं बघ," ते म्हणतात.

सामना तर सुरूही नाही. पण बाकीची पोरं मैदानात बॅटिंगचा सराव करतायत आणि अकरा नंबर त्याच वेळी खांदा गरम करतोय. म्हणजे ज्या दिवशी तो पिचर असतो, त्या दिवशी त्याचा सराव बघायलाच मिळत नाही. बॅट बघायची तर तीन किंवा चार वेळा तो प्लेटवर येईल तेवढीच. हायस्कूलचा सामना सात इनिंगचा, साधारण दोन तासांचा.

पहिल्या चेंडूला खुर्च्यांमधून एकदम डझनभर गन वर येतात आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात गेला की खाली जातात. ९२. ९३. चौथ्या चेंडूला ९४, म्हणजे ताशी १५१ किलोमीटर. मागे बाकड्यावर बसलेला कुणाचा तरी काका मान लांब करून एका गनवरचा आकडा वाचतो आणि मोठ्याने सांगतो. कोचच्या हातात गन नाही. ते पोराच्या पुढच्या पायाकडे बघतायत. तो पाय दर वेळी त्याच खड्ड्यात पडतोय का, एवढंच. पहिल्या इनिंगमध्ये पडतोय. तीन बॅटर, तीन बाद, त्यातले दोन स्ट्राइकआउट.

कोचच्या वहीत पानाच्या मधोमध उभी रेघ आहे. एका बाजूला फास्टबॉल, स्लायडर, चेंजअप, कंट्रोल. दुसऱ्या बाजूला हिटिंग, ताकद, धाव, फील्डिंग, थ्रो. प्रत्येकापुढे दोन आकडे, एक आजचा आणि एक पाच वर्षांनंतरचा. मार्कांची पट्टी २० ते ८० अशी, मेजर लीगमधला सरासरी खेळाडू ५० वर. फास्टबॉलपुढे लिहिलंय ५० आणि ६०. स्लायडरपुढे ४० आणि ५५. मोठ्या क्लबांच्या लेखी हे दोन वेगळे रिपोर्ट असतात, पिचरचा वेगळा आणि बॅटरचा वेगळा. एकाच पोराचे दोन लिहायची वेळ फार क्वचित येते.

आता पोराच्या टीमची बॅटिंग. अकरा नंबर तिसरा येतो. डगआउटच्या पायरीवर उभा राहून तो उजव्या कोपराला जाड प्लास्टिकचं गार्ड बांधतोय, दातात पट्टी धरून. डावखुरी बॅटिंग म्हणजे उजवा हात पुढे, पिचरच्या समोर. ज्या कोपरावर लाखो डॉलरचा बोनस अवलंबून आहे तेच कोपर दर चेंडूला सर्वांत आधी चेंडूच्या वाटेत. मेजर लीगमध्ये दोन्ही करणाऱ्या जपानी ओहतानीचंही असंच आहे. एखादा आतला चेंडू तिथे बसला की बॅटर घायाळ आणि पिचरही.

समोरचा पिचर शहाणा आहे. वेगाच्या भानगडीत न पडता हळू, लांबून वळणारे चेंडू टाकतो. पोरगा घाई करतो, पुढचा खांदा लवकर उघडतो, तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट हवेत फिरते. परत येताना तो बॅट आपटत नाही, कुणाकडे बघत नाही, गार्ड सोडतो आणि हातमोजा उचलतो. पुढचा बॅटर बाद होईपर्यंत त्याच्याकडे दम खायला जेमतेम मिनिटभर आहे. नुसता बॅटर असता तर डगआउटमध्ये बसून स्ट्राइकआउट मनात घोळवता आला असता.

"आता बघ," कोच म्हणतात. "पहिला चेंडू कुठे जातो ते."

पहिला चेंडू बाहेरच्या कडेवर, ९३, स्ट्राइक. कोच वहीत काहीच लिहीत नाहीत, पण मान हलवतात. वेगाचे आणि फिरकीचे आकडे ऑफिसात आधीच पोचलेले असतात, ते सांगतात. स्काउटला हल्ली पाठवतात ते या मधल्या मिनिटासाठी.

तिसऱ्या इनिंगमध्ये तो दुसऱ्यांदा येतो. तोच हळू चेंडू येतो आणि या वेळी तो थांबतो, अगदी दिसेल इतका थांबतो आणि शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून मोकळ्या जागेत ढकलतो. बॅट धातूची, आवाज टण्णकन येतो. या आवाजावर जुने स्काउट विश्वास ठेवत नाहीत, लाकडी बॅटने हाच चेंडू किती गेला असता याचा हिशेब मनातल्या मनात करतात. स्टॉपवॉच टकटकतात. पहिल्या बेसपर्यंत ४.२५ सेकंद. डावखुऱ्यासाठी सरासरीच्या किंचित खाली, एवढ्या देहाच्या मानाने ठीक.

आणि लगेच त्याचा शाळेचा प्रशिक्षक टाळी वाजवून बदली धावपटू पाठवतो. हायस्कूलच्या नियमात पिचर आणि कॅचरसाठी ही सवलत आहे, खेळ रेंगाळू नये म्हणून. नियम सोयीचा आहे, पण स्काउटांचा विरस होतो. पोरगा बेसवर कसा पळतो, पिचरची चाल ओळखतो का, दुसरा बेस चोरायची हिंमत करतो का, हे आज कळणार नाही. बाकी पोरं दोन-दोन महिने जे दाखवत असतात ते दाखवायला याला निम्मेच दिवस मिळतात आणि मग रिपोर्टात लिहितात, बेसरनिंग कच्चं.

चौथ्या इनिंगमध्ये ढिलाई दिसायला लागते. पुढचा पाय आता खड्ड्याच्या डावीकडे पडतोय. एक वॉक, मग स्लायडर वळायचा विसरून मधोमध तरंगतो आणि डाव्या फील्डरच्या मागे कुंपणापर्यंत जातो. वाळवंटातल्या गरम हवेत वळणारा चेंडू कमी वळतो आणि उडालेला लांब जातो. गन आता ८९ दाखवतात. दोन स्काउट एकमेकांकडे बघतात. एक जण बियांची टरफलं थुंकून पुटपुटतो, "बॅटच बरी."

हे वाक्य या पोराला आयुष्यात पुष्कळदा ऐकू येणार आहे. जॅक कॅग्लिओनी फ्लोरिडा विद्यापीठात दोन्ही करायचा. २०२४ साली रॉयल्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं आणि बॅटिंगलाच लावलं. ब्राइस एल्ड्रिजला जायंट्सनी २०२३ मध्ये दोन्हींसाठी घेतलं आणि पुढच्याच वर्षी पिचिंग बंद केलं. हंटर ग्रीन शाळेत शॉर्टस्टॉपही होता. रेड्सनी त्याच्या हातातली बॅट काढून घेतली. ब्रेंडन मॅकेला रेजनी खरंच दोन्ही करू दिलं, तर आधी खांदा गेला, मग कोपर. तरी मेजर लीगने २०२० पासून अशा खेळाडूंसाठी मुद्दाम जागा केलीय. संघाच्या २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३, पण हंगामात २० इनिंग पिचिंग आणि २० सामने बॅटिंग केलेला दोन्हीवाला त्या १३ त मोजत नाहीत. म्हणजे क्लबला एक पिचर फुकटात मिळतो. एवढं आमिष असूनही रांग लागलेली नाही.

ओहतानीचं उदाहरण देणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की त्याला ओहतानी होऊ दिलं गेलं. २०१२ मध्ये निप्पॉन हॅम क्लबने त्याला दोन्ही करू देण्याची योजना मांडून जपानात थांबवलं आणि सुरुवातीला पिचिंगच्या आगेमागे बॅटिंगला सहसा सुट्टी दिली. अमेरिकी मायनर लीगमध्ये एवढा लाड एका पोराचा कोण करणार? तिथे सकाळी पिचरांचा सराव एका मैदानावर, बॅटरांचा दुसऱ्यावर, आणि बस एकच.

"तुमच्याकडची ती भालाफेकवाली पोरं आठवतात?" कोच मध्येच विचारतात. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. २००८ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून, रडार गनच्या आकड्यावर निवडून, उत्तर प्रदेशातून पिट्सबर्ग पायरेट्समध्ये आलेले. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. रिंकूचं कोपर गेलं आणि पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्ती खेळला. "त्यांना बॅट देऊन कुणी बघितलंच नाही," कोच म्हणतात. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.

पाचवी इनिंग संपते. ७८ चेंडू झालेत. प्रशिक्षक माउंडवर जाऊन पोराचा खांदा थोपटतो आणि त्याला राइट फील्डला धाडतो. हिशेब सरळ आहे. मेजर लीगच्या पिच स्मार्ट तक्त्यात सतरा-अठरा वर्षांच्या पोराला ८० पर्यंत तीन दिवस विश्रांती, ८१ वा पडला की चार. पोरगा कुरकुरत नाही. जाताना फक्त उजवा हात एकदा झटकतो.

आणि खुर्च्या मिटायला लागतात. गन पिशव्यांत जातात, गाड्यांचे दिवे लागतात. बाराजणांतले सातजण निघून जातात, कुणाला टूसॉन गाठायचंय, कुणाला फक्त जेवायचंय. पोराची एक बॅटिंग अजून बाकी आहे.

ती सहाव्या इनिंगमध्ये येते. नवा पिचर, वेगवान, ९० च्या पुढे. दोन स्ट्राइक झटपट पडतात. मग एक स्लायडर गुडघ्याखाली बुडतो, पोरगा बॅट अर्ध्यात रोखतो. पुन्हा तोच, पुन्हा रोखतो. दोन फाउल. आणखी एक बॉल. आठवा चेंडू मधोमध येतो, तो पूर्ण ताकदीने हाणतो आणि चेंडू सेंटर फील्डच्या कुंपणाआधी तीन पावलांवर झेलला जातो. बाद. स्कोअरबुकात एक साधा फ्लायआउट.

कोच डावीकडच्या रकान्यात काही लिहीत नाहीत. उजवीकडे, हिटिंगपुढे, आजच्या आकड्यातला ३५ खोडून ४० करतात आणि पुढच्या आकड्यातला ५० खोडून ५५.

माझं मत विचाराल तर पोराला बॅटर म्हणून घ्यावं आणि पहिली दोन वर्षं तरी आठवड्यातून एकदा चेंडू टाकू द्यावा. कोचना हे पटत नाही. हात आधी, बॅट नंतर, असं त्यांचं म्हणणं आहे, कारण ९४ शिकवता येत नाही. आठवा चेंडू तसा खेळणंही शिकवता येत नाही, असं मी म्हणतो. यावर आमचं पार्किंगपर्यंत चालू राहतं.

मंगळवारी याच मैदानावर पुढचा सामना आहे. अकरा नंबर राइट फील्डला असेल. शुक्रवारपर्यंत तो पिच करणार नाही. फिनिक्सच्या आसपास राहत असाल तर मंगळवारी या आणि जरा लवकर या, म्हणजे बॅटिंगचा सरावही दिसेल. जाळीमागे जागा हवी तेवढी मिळेल.