बांध राखायचा तर सांडवा राखा

बंगळूरहून कोलारकडे निघालं की कृष्णराजपुरम मागे पडतं आणि होसकोटे येतं. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत हे ठाणं होतं. पुढे ऑगस्ट १७६८मध्ये मुरारराव घोरपडे यांच्या इथल्या छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला. पण गावाची खरी मिळकत आहे ती इथलं तळं.

सुगटूरच्या तम्मेगौडाने १५९५च्या सुमारास इथे किल्ला उभारला. तळंही त्याच काळातलं मानतात. एकोणिसाव्या शतकातल्या म्हैसूर गॅझेटियरात त्याचा बांध दोन मैल लांब आणि भरल्यावर पाण्याचा घेर दहा मैल सांगितला आहे. हे सारं पाणी अडवलं ते माती-दगडांच्या बेताच्या उंचीच्या भरावाने.

या पठाराला बारमाही नदी नाही. नंदीच्या डोंगररांगेत उगवणारी दक्षिण पिनाकिनी या भागातून जाते आणि पुढे तमिळनाडूत कडलूरजवळ समुद्राला मिळते. वर्षाचा पाऊस जेमतेम आठशे मिलिमीटर, त्यातला बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या झडींत कोसळतो. त्यामुळे एकाच गावाला पूर आणि टंचाई दोन्ही सोसावी लागतात. जुन्या लोकांनी दोन्हींवर एकच तोड काढली. उतारावर तळ्यांची माळ ओवली. वरचं तळं भरलं की जादा पाणी खालच्या तळ्यात उतरतं. एक चौरस किलोमीटरचं तळं एक मीटरने चढलं, तर शंभर कोटी लिटर पाणी थोपतं. पूर थांबत नाही, पण त्याचा लोंढा मोडतो आणि पाणी सावकाश पुढे जातं.

मातीच्या बांधाची रचना साधी असते. पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग, शेताला पाणी सोडायला मोरी आणि जादा पाण्यासाठी बांधापेक्षा खाली ठेवलेला सांडवा. कन्नड मुलखात त्याला कोडी म्हणतात. बांधाचा जीव या सांडव्यात असतो. तो गाळाने, झुडपांनी किंवा अतिक्रमणाने अडला की पाणी माथ्यावरून वाहू लागतं. आधी मागच्या उतारावरचं गवत आडवं होतं, मग बोटभर घळ पडते आणि बघता बघता तिचं भगदाड होतं. दुसरा धोका आतून येतो. बांधाच्या पायथ्याशी पाझर असतोच. तो नितळ आहे तोवर काळजीचं कारण सहसा नसतं. तोच गढूळ झाला, तर आतली माती वाहून चालली आहे असं समजावं. उंदीर-खेकड्यांची बिळं आणि झाडांची कुजलेली मुळं अशा पाण्याला आयती वाट देतात.

पानशेत (१२ जुलै १९६१) आणि चिपळूण तालुक्यातलं तिवरे (२ जुलै २०१९) या दोन्ही धरणफुटींच्या जखमा आपण महाराष्ट्रात सोसल्या आहेत. दोन्ही धरणं मातीचीच होती.

कर्नाटकात तळ्याची राखण नीरगंटी करायचा. मोरी कधी उघडायची, कोणाच्या शेताला किती पाणी द्यायचं, बांध कुठे खचतोय, हे पाहणं त्याचं पिढीजात काम. तळी सरकारी खात्यांकडे गेली, घरोघरी विंधनविहिरी आल्या आणि हे काम बहुतेक गावांतून उठलं. तळ्यांना जोडणाऱ्या राजकालुव्यांवर, म्हणजे मोठ्या नाल्यांवर, इमारती चढल्या. सप्टेंबर २०२२मध्ये होसकोट्याच्या अलीकडच्या पूर्व बंगळुरात महागड्या वसाहतींत पाणी शिरलं. पाऊस मोठा होताच, पण त्याची जुनी वाटही बुजली होती.

आपल्याकडेही गावोगावी पाझर तलाव आहेत. मे महिना संपायच्या आत चार जाणत्या माणसांनी तलावावर जावं. सांडवा मोकळा आहे का, त्याखालचा ओढा कोणी बुजवला आहे का, भरावावर झाडोरा माजला आहे का, बिळं पडली आहेत का, हे नीट पाहावं आणि ग्रामसभेत नोंदवावं. पावसाळ्यात पाझर गढूळ दिसला, तर उद्यावर न टाकता खालच्या वस्तीला सावध करावं आणि तहसील कार्यालयाला कळवावं. या कामाला खर्च नाही, एक सकाळ पुरते. ती यंदा नक्की काढा.