ट्रायपॉडच्या पायांना स्वस्तातलं कवच

पहाटे भिगवणच्या काठावर पक्षी टिपायला निघालेल्या किंवा पावसाळ्यात ताम्हिणी घाट चढणाऱ्या छायाचित्रकाराच्या खांद्यावर बहुतेक वेळा मिटलेला ट्रायपॉड असतो, आणि पुष्कळदा त्यावर कॅमेराही तसाच बसवलेला असतो. ट्रायपॉडचे दोन-अडीच किलो, मोठी लेन्स आणि कॅमेरा यांचे आणखी तीन-चार किलो, असा सगळा भार दोन कठीण नळ्यांतून थेट खांद्याच्या हाडावर येतो. अर्ध्या तासाच्या चालीत खांदा दुखू लागतो. दगडावर आपटून नळीला पोचा येतो तो वेगळाच.

यावर तयार आवरणं मिळतात, पण ती महाग असतात. त्यांचं काम एसी दुरुस्तीच्या, सायकलच्या आणि खेळाच्या सामानाच्या दुकानांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी उत्तम होतं. फक्त एक अट सुरुवातीपासून लक्षात ठेवावी: पॅडिंग सहज काढता आणि पुन्हा चढवता आलं पाहिजे. कायमचं चिकटवलेलं पॅडिंग खांदा वाचवतं, पण आतली नळी खराब करू शकतं. हे का, ते पुढे येईलच.

पॅडिंग नेमकं काय करतं

पहिलं काम भार पसरवण्याचं. गोल नळी खांद्यावर अगदी अरुंद पट्टीत टेकते, त्यामुळे सगळा दाब तिथे एकवटतो. फोम दबला की टेकणारी जागा रुंदावते आणि तेच वजन हलकं वाटू लागतं.

दुसरं काम उष्णता अडवण्याचं. ॲल्युमिनियम फोमच्या हजारो पटींनी उष्णता वाहून नेतं. म्हणून डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला उघडी नळी हातातली ऊब खेचून घेते आणि मे महिन्याच्या दुपारी तीच नळी हाताला चटका देते. काही मिलिमीटर फोमने दोन्ही त्रास थांबतात.

तिसरं काम ठोकर झेलण्याचं. ॲल्युमिनियमच्या नळीला पोचा आला की तिच्या आतली बारीक नळी अडकते. पाय पूर्ण उघडत नाही किंवा मिटत नाही. कार्बन फायबरला पोचा येत नाही, पण टोकदार दगडाचा मार बसला तर आतले थर एकमेकांपासून सुटतात, आणि ते वरून नेहमी दिसतंच असं नाही. याशिवाय घामेजल्या किंवा भिजलेल्या हातातून पाय निसटत नाही, हा चौथा फायदा.

पॅडिंगमुळे ट्रायपॉड जास्त स्थिर होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. स्थैर्य नळीच्या जाडीवर, सांध्यांच्या घट्टपणावर आणि पाय किती फाकवले आहेत यावर ठरतं.

आधी मोजमाप

पॅडिंग फक्त पायाच्या सर्वांत वरच्या, जाड भागावर बसतं. खालचे भाग त्याच्या आत सरकतात, त्यामुळे त्यांच्यावर काहीही गुंडाळलं तर पाय मिटणारच नाही.

नळीची जाडी मोजायला कॅलिपर लागत नाही. कागदाची पट्टी नळीभोवती एकदा गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे खूण करा, पट्टी सरळ करून मोजा आणि आलेल्या आकड्याला ३.१४ ने भागा. घेर ८८ मिलिमीटर आला तर नळी २८ मिलिमीटर व्यासाची. मग लांबी मोजा: वर बिजागरीपासून आणि खाली लॉकपासून एकेक बोट जागा मोकळी सोडून मधला भाग धरा. बिजागरीजवळचा कोन बदलण्याचा खटका आणि खालचं लॉक यांच्यावर पॅडिंगची कड चढली, तर ऐन वेळी बोटं अडखळतात.

तिसरं माप बहुतेक जण विसरतात. ट्रायपॉड मिटून दोन पायांमधली फट पाहा. प्रत्येक पायावर ९ मिलिमीटर जाडीचा फोम चढवला, तर शेजारच्या दोन पायांमध्ये १८ मिलिमीटर जागा लागते. तेवढी नसेल तर पाय पूर्ण मिटत नाहीत आणि पिशवीत जात नाहीत. प्रवासी ट्रायपॉडचे पाय उलटे वळून वरच्या हेडभोवती मिटतात. तिथे जागा आणखी कमी असते, म्हणून त्यांना पातळ आवरणच बरं.

खांद्यावर एका वेळी दोनच पाय टेकतात. केवळ खांद्यासाठी पॅडिंग करायचं असेल, तर दोन पाय पुरेत. प्रवासात ठोकरीपासून बचाव हवा असेल, तर तिन्ही करावेत.

कुठली वस्तू कशासाठी

एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी सर्वांत चांगली. एसीचं सामान विकणाऱ्या दुकानात ती मिळते, आणि ओळखीच्या मेकॅनिककडे उरलेला तुकडाही मिळून जातो. तिला दोन मापं असतात: आतला व्यास आणि फोमची जाडी. आतला व्यास ट्रायपॉडच्या नळीएवढा किंवा एक-दोन मिलिमीटर कमी घ्यावा, म्हणजे ती घट्ट बसते. जास्त घेतला तर ती गरगर फिरते. जाडी ९ मिलिमीटर पुरेशी असते; १३ मिलिमीटरची फक्त मोठ्या ट्रायपॉडवर शोभते.

या फोमचं खरं मोल त्याच्या रचनेत आहे. त्यातला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र आणि बंद असतो, त्यामुळे तो पाणी पीत नाही. गादीतला किंवा भांडी घासायचा स्पंज पाणी पितो आणि धरून ठेवतो. तो इथे मुळीच वापरू नये. शंका असेल तर तुकडा पाण्यात बुडवून दाबा आणि सोडा. बाहेर काढून पिळल्यावर पाणी निघालं, तर तो आपल्या कामाचा नाही.

जुनी योगा मॅट हा दुसरा पर्याय. ४ ते ६ मिलिमीटरची मॅट कटरने सरळ कापता येते आणि हव्या त्या घेराची बनवता येते. नळीची जाडी बाजारातल्या मापांत बसत नसेल, तर ही सोय मोठी.

सायकलच्या हँडलची टेप पातळ, मऊ आणि दिसायला नीटस असते. पाय उलटे मिटणाऱ्या ट्रायपॉडला ती योग्य. एका पाकिटात साधारण दोन गुंडाळ्या येतात, म्हणजे दोन पायांची सोय झाली. बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप याहूनही पातळ. तिने पकड सुधारते, पण खांद्याला फारसा आराम मिळत नाही.

क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिपही चांगली चालते, पण ती बाजूने उघडी नसते, टोकाकडून सरकवावी लागते. पिळून बंद होणाऱ्या लॉकच्या ट्रायपॉडमध्ये खालचे भाग पूर्ण काढता येतात, तिथेच हे जमतं. काढताना आतल्या प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या निसटतात, म्हणून कोणती कुठे होती याचा मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवावा. खटक्याच्या लॉकचे पाय असतील, तर बॅटच्या ग्रिपचा विचार सोडून द्यावा.

आणि शेवटी, पंक्चरवाल्याकडची निकामी सायकल ट्यूब. पॅडिंग म्हणून ती पातळ पडते, शिवाय कपड्यांना काळे डाग लावते. पण आडवी कापून बोटभर रुंदीची कडी काढली, की त्यासारखं मजबूत रबरबँड दुसरं नाही. फोम जागेवर धरून ठेवायचं काम या कड्यांचं.

बसवण्याची रीत

नळी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. फोमची नळी मोजलेल्या लांबीला कापा. धारदार ब्लेड वापरलं तरच कड सरळ येते. कात्रीने फोम दबतो आणि काप तिरका जातो. मग एका बाजूने उभा छेद द्या. काही नळ्यांवर छेदाची रेघ आधीच असते.

फोम उघडून पायावर बसवा आणि छेदाची बाजू आतल्या दिशेला, म्हणजे ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याकडे वळवा. खांदा आणि हात बाहेरच्या बाजूला लागतात, तिथे शिवण नको. आता ट्यूबच्या कड्या पायाच्या खालच्या टोकाकडून वर सरकवा. रबर ताणलं जातं, त्यामुळे त्या लॉकवरूनही पार होतात. वर, मध्ये आणि खाली अशा तीन कड्या पुरतात.

यावर कापडी आवरण हवं असेल, तर जुन्या जीन्सच्या कापडाची पट्टी व्हेल्क्रो शिवून लावावी. व्हेल्क्रोही आतल्या बाजूला ठेवावा. बाहेर राहिला तर जॅकेटला आणि पिशवीच्या पट्ट्याला चिकटत राहतो.

टेप गुंडाळायची असेल तर खालून वर जावं. प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर थोडा चढला पाहिजे, म्हणजे कौलांसारखं पाणी वरून घरंगळून जातं आणि आत शिरत नाही. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक कडेत पाणी अडकतं. टेप थोडी ताणून गुंडाळावी, आणि शेवटचं टोक कापडी टेपच्या दोन वेढ्यांनी बंद करावं.

विजेच्या कामाची साधी चिकटपट्टी शक्यतो टाळावी. उन्हात तापलेल्या गाडीत तिचा गोंद पाघळतो आणि सगळीकडे चिकट थर पसरतो. फोम गोंदाने नळीला चिकटवणंही नको. लोखंडी क्लँप तर अजिबात लावू नयेत, कारण जास्त आवळले की कार्बन फायबरच्या नळीला तडा जाऊ शकतो.

पाऊस आणि समुद्र

पॅडिंग काढता यावं ही अट इथे महत्त्वाची ठरते. फोम पाणी पीत नसला, तरी फोम आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीत पाणी शिरतंच. पावसाचं पाणी असेल तर दोन दिवस ओल राहते, एवढंच. समुद्राचं पाणी असेल तर मागे मीठ राहतं. ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर जिथे खरवडला असेल, तिथे खाऱ्या ओलीने बारीक खड्डे पडू लागतात, आणि पॅडिंगखाली असल्यामुळे ते दिसत नाहीत. कार्बन फायबर स्वतः गंजत नाही, पण त्याला जोडलेले ॲल्युमिनियमचे सांधे खाऱ्या पाण्यात आणखी लवकर खराब होतात.

म्हणून कोकणच्या किनाऱ्यावरून परतल्यावर त्याच दिवशी कड्या उतरवा, फोम काढा, पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. फोम वेगळा वाळवा. हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि पॅडिंग चिकटवलेलं नसेल तरच ते होतं.

पाण्यात किंवा चिखलात उभं राहायचं असेल, तर सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा. मग त्याचं लॉक पाण्याच्या वर राहतं आणि वाळू आत जात नाही. लॉकमध्ये शिरलेला एक वाळूचा कण पोच्याइतकाच त्रास देतो.

पायांची टोकं

वरचा भाग झाला की टोकांकडे पाहा. मूळ रबर झिजलं असेल, तर औषधांच्या दुकानात काठीच्या टोकाचं रबरी बूच मिळतं. तेही व्यासाच्या मापाने विकतात, म्हणून खालच्या नळीचा घेर मोजून जा. घरात, मंदिरात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये फरशीवर ओरखडे नकोत म्हणून जुन्या टेनिस बॉलला छेद देऊन टोकांवर बसवता येतो. मात्र बॉल दबतो, त्यामुळे रात्रीच्या लांब एक्स्पोजरच्या वेळी तो काढून ठेवावा. मऊ वाळूवर प्रत्येक पायाखाली डब्याचं प्लास्टिकचं झाकण ठेवलं की पाय रुतत नाहीत.

सगळं बसवून झाल्यावर बाहेर पडण्याआधी घरीच एकदा तपासून घ्या: तिन्ही पाय पूर्ण मिटतात का, लॉक एका हाताने उघडतात का, ट्रायपॉड पिशवीत जातो का. मग सगळं पॅडिंग काढून पुन्हा चढवा. एखादी कडी सरकत नसेल किंवा एखादी कड अडत असेल, तर ती तेव्हाच कापून नीट करा. किनाऱ्यावरून दमून आल्यावर जे सहज निघतं, तेच नियमित धुतलं जातं. आणि नियमित धुतलेला ट्रायपॉडच वर्षानुवर्षं साथ देतो.