बांदिवड्याची दुर्गा, रंगभूमीची ज्योत्स्ना

गोव्यातील फोंडे तालुक्याच्या मातीत संगीताचे कोणते बीज पेरलेले आहे, याचा शोध एखाद्या अभ्यासकाने एकदा घ्यावयास हवा. मंगेशीचे मास्टर दीनानाथ याच परिसरातले, केरीच्या केसरबाईही याच परिसरातल्या. महालक्ष्मी, नागेश आणि रामनाथ यांची देवालये ज्या बांदिवडे गावात आहेत, तेथे ११ मे १९१४ रोजी दुर्गा केळेकर ही मुलगी जन्मास आली. देवळातले कीर्तन, जत्रेतली रात्रभराची नाटके आणि घरातले गाणे हीच तिची पहिली शाळा. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर नावाजलेली गायिका होती. तिच्यापाठोपाठ दुर्गा मुंबईस आली आणि तेथे आग्रा घराण्याच्या गायकीची तालीम तिला मिळाली.

१९३२ साली केशवराव भोळे यांच्याशी तिचा विवाह झाला आणि दुर्गेची ज्योत्स्ना झाली. केशवराव तिच्याहून अठरा वर्षांनी वडील. ते गायक, संगीतरचनाकार आणि ‘एकलव्य’ या नावाने लिहिणारे साक्षेपी टीकाकार होते. शब्दाचा अर्थ सुरात उतरला नाही तर ते गाणे फुकट, असा त्यांचा कटाक्ष असे. घराण्याच्या तालमीने घडलेला गळा आणि हा कटाक्ष एकत्र आले, हे मराठी रंगभूमीचे भाग्यच म्हणावयास हवे. कारण त्या वेळी तिचे दिवस बरे नव्हते.

ते दिवस कसे होते, हे थोडे सांगितले पाहिजे. संगीत नाटक म्हणजे पदांची खैरात. ‘वन्स मोअर’ची आरोळी उठली की कथानक जागच्या जागी थबके आणि नायिका शोकात असो की शृंगारात, तानांची आतषबाजी सुरू होई. शिवाय ती नायिका बहुधा पुरुषच असे. बालगंधर्वांनी स्त्रीरूपाचा जो आदर्श उभा केला, त्याच्यापुढे खऱ्या स्त्रीने उभे राहण्याची सोयच उरली नव्हती. १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा पायंडा पाडला; तथापि लोकांची नजर एकदम बदलत नसते. त्यातच १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे धावू लागला.

अशा वेळी नाट्यमन्वंतर या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले होते. स्त्रीकडून ज्या शीलाची अपेक्षा करावयाची तेच पुरुषाकडूनही का मागू नये, हा मूळ नाटकाचा रोकडा प्रश्न. पडद्यांऐवजी खऱ्यासारखी दिसणारी खोली, मोजकी गाणी, केशवरावांचे संगीत आणि स्त्रियांच्या भूमिकांत पद्माबाई वर्तक व एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्नाबाई! त्यांच्या वाट्यास बिंबाची भूमिका आली होती. कुलीन घरातील विवाहित स्त्री पतीच्या संमतीने, किंबहुना त्याच्याच चालींवर, रंगमंचावर गाते ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. गाणे प्रसंगातून उगवावे आणि प्रसंग संपताच संपावे, ही या मंडळींची धारणा. आलाप-तानांचे भांडार जवळ असताना ते बंद ठेवून चार ओळींत भाव उभा करणे हे गायिकेच्या दृष्टीने अधिक कठीण काम आहे, असे आमचे मत आहे. ज्याच्यापाशी काही नाही त्याने संयम पाळला तर त्यात नवल ते काय?

नाट्यमन्वंतर फार वर्षे टिकली नाही. केशवराव प्रभात कंपनीत गेले. ‘अमृतमंथन’, ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ या चित्रपटांच्या संगीताने त्यांचे नाव झाले. ज्योत्स्नाबाईंचे गाणे रेडिओवरून आणि बैठकींतून चालू राहिले.

त्यांच्या कीर्तीचा कळस चढला तो १९४२ साली. मो. ग. रांगणेकरांनी आदल्या वर्षी नाट्यनिकेतन स्थापन केले होते. तीन तासांत संपणारे, मध्यमवर्गीय घरात घडणारे, थोड्या पदांचे नाटक ही त्यांची रीत. ‘कुलवधू’मध्ये ज्योत्स्नाबाई भानुमती झाल्या. चित्रपटात काम करून नाव मिळविणारी पत्नी आणि तिच्या कीर्तीने मनातून दुखावलेला पती, असा हा पेच होता. संगीत मास्टर कृष्णरावांचे, म्हणजे भास्करबुवा बखल्यांच्या शिष्याचे. तेव्हा रागदारीचा कस त्यात होताच. परंतु भानुमतीच्या तोंडची भैरवी ऐकताना श्रोत्याला प्रथम भानुमतीचे मन ऐकू येई, राग मागाहून. ती भैरवी ध्वनिमुद्रिकेवरून घरोघरी गेली आणि नाटक न पाहिलेल्या बायकाही चुलीपाशी ती गुणगुणू लागल्या. भानुमतीचा पेच त्यांच्यापैकी कितीजणींना आपलाच वाटला असेल! कलावती म्हणून कमावलेले नाव आणि घरची सून म्हणून मिळणारा मान, हे दोन्ही एका स्त्रीला एकाच वेळी लाभावेत की नाही, याची चर्चा नाटकात भानुमतीने केली. प्रत्यक्षात ज्योत्स्नाबाई ते जगत होत्या.

पुढे मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’तील त्यांची गाणीही लोकांच्या स्मरणात राहिली. आपली हकीगत त्यांनी ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. ५ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्याच्या हिराबागेतील सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

नाटकाबाहेरच्या एका गीताचा उल्लेख मात्र केल्यावाचून राहवत नाही. राजा बढे यांचे शब्द, पु. ल. देशपांडे यांची चाल आणि ज्योत्स्नाबाईंचा आवाज! सासुरवाशीण पाखराबरोबर माहेरी निरोप धाडते, एवढाच त्याचा विषय. इंदूर-ग्वाल्हेरकडे, बडोद्यास वा हैदराबादेस दिलेल्या आपल्या लेकीसुनांना ते गीत निराळे समजावून सांगावे लागत नाही. तबकडी जुनी झाली असेल, खरखरत असेल, तरी त्यातला ‘माहेर’ हा शब्द ज्योत्स्नाबाई कशा उच्चारतात ते एकदा मुद्दाम ऐकावे.