शोध-सर्व्हरांच्या समूहाशी संधान

एखाद्या मोठ्या ग्रंथसंग्रहाची सूची एका यंत्रात मावेनाशी झाली, किंवा विचारणाऱ्यांची गर्दी त्या एकट्यास पेलवेनाशी झाली, म्हणजे ती अनेक सर्व्हरांवर वाटून ठेवावी लागते. परस्परांशी जोडलेल्या अशा सर्व्हरांस समूह किंवा क्लस्टर म्हणतात. २०१० मध्ये शे बॅनन यांनी प्रसिद्ध केलेली इलॅस्टिकसर्च ही प्रणाली याच पद्धतीची आहे. वाचनालयातील संगणकावर पुस्तकाचे नाव शोधणाऱ्या प्रोग्रॅमने अशा समूहाशी संधान कसे बांधावे, एवढेच आपण येथे पाहू.

समूहातील प्रत्येक सर्व्हरास नोड म्हणतात. सूचीचे खंड पाडून ते निरनिराळ्या नोडांवर ठेवतात. शिवाय प्रत्येक खंडाची प्रत सामान्यतः दुसऱ्या एखाद्या नोडवर असते. हवे ते पुस्तक कोणत्या खंडात आहे, हे प्रोग्रॅमला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने कोणत्याही नोडकडे जावे. तो नोड प्रत्येक खंडाच्या एकेका प्रतीकडे प्रश्न पाठवितो, आलेली उत्तरे एकत्र करून क्रमाने लावतो आणि एकच उत्तर परत देतो.

ही सोय पाहून पुष्कळ जण एकाच नोडचा पत्ता प्रोग्रॅममध्ये लिहून मोकळे होतात. चूक होते ती येथेच! तो नोड बंद पडला, की सूचीतील एक अक्षरही नाहीसे झालेले नसताना वाचकाला मात्र सारे ठप्प दिसते. यास्तव दोन-तीन पत्ते द्यावेत. प्रोग्रॅम ते आळीपाळीने वापरतो व उत्तर न देणाऱ्या नोडास काही काळ बाजूस ठेवतो.

पत्त्याबरोबर दाराचा, म्हणजे पोर्टाचा, क्रमांकही लागतो. मुद्दाम बदलला नसल्यास बाहेरच्यांसाठी तो ९२०० असतो. ९३०० हे दार नोडांच्या आपसातील बोलण्याचे. पूर्वी जावा भाषेतील प्रोग्रॅम या दुसऱ्या दारानेही आत जात. त्यांना समूहाचे नाव अचूक सांगावे लागे. त्यात अक्षराचा फरक पडला, तरी सर्व नोड चालू असताना ‘एकही नोड उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळे. २०२२ च्या ८.० आवृत्तीत ही वाट बंद झाली, आणि तेव्हापासून परवलीचा शब्द व सुरक्षा-प्रमाणपत्र यांची तपासणी आरंभापासूनच चालू असते.

काही प्रोग्रॅम एका नोडला विचारून बाकीच्यांचे पत्ते स्वतःच मिळवितात. युक्ती चांगली, पण नोड सांगतात ते पत्ते बहुधा त्यांच्या अंतर्गत जाळ्यातले असतात. बाहेरून ते लागतीलच असे नाही. मग पहिला प्रश्न सुटतो, पुढचा अडतो, आणि दोष कोठे आहे हे शोधणारा बुचकळ्यात पडतो. अशा ठिकाणी पत्ते हातानेच लिहिलेले बरे.